आगाऊ शुभेच्छा

जर्मन माणूस अंधश्रद्धाळू नसतो. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या देशात बुद्धीचा दिवा लागला आणि त्या उजेडात भुतंखेतं, चेटकिणी, शकुन-अपशकुन यांनी जी धूम ठोकली ती आजतागायत कुणी मागे वळून पाहिलेलं नाही. इथे माणूस मरतो तो कारणाने मरतो, आणि ते कारण डॉक्टरच्या सहीशिक्क्यासह घरच्यांच्या हाती पडतं.

हे सगळं मी शुक्रवारी कॉफी पिता पिता सारनाईला ऐकवलं. शनिवारी सकाळी माझ्या समोरच्या घरातल्या फ्राउ डिपेल यांनी, म्हणजे त्याच बुद्धीच्या दिव्याखाली वाढलेल्या आणि उभा जन्म भूमापन कचेरीत जमिनी मोजण्यात घालवलेल्या बाईंनी, सारनाईच्या तोंडावर दार आपटलं, आतून साखळी लावली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की आपण काही आता उद्याचा दिवस बघत नाही.

सारनाई मंगोलियाची. आमच्या मारबुर्गला औषधशास्त्र शिकायला आलेली. फ्राउ डिपेल यांच्या घरात पोटमाळ्यावरच्या खोलीत ती भाड्याने राहते. आमच्या विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'जर्मन भाषा, संस्कृती आणि रोजचं जगणं' असा एक वर्ग चालतो, आणि त्यात दर विद्यार्थ्यामागे गावातला एक रिकामटेकडा म्हातारा बोलण्याच्या सरावासाठी जोडून देतात. सारनाईच्या वाट्याला मी आलो. नाव लोथार वीगांड. गावच्या पेपरात मी दर शनिवारी लोकांची टिंगल करायचो आणि त्याचे पैसे मिळायचे. निवृत्तीनंतर टिंगल तशीच राहिली, पैसे बंद झाले. तेव्हा ऐकून घेणारं एखादं माणूस तरी मिळावं, म्हणून मी वर्गात नाव दिलं होतं.

माझ्या परीने मी तिला तयार केलं होतं. कोणता कचरा कोणत्या रंगाच्या डब्यात, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत होतं. रविवारी भिंतीला भोक पाडायचं नाही, बाटल्या फोडायच्या नाहीत, मोठ्याने नाक शिंकरतानाही शेजाऱ्याचा विचार करायचा. कडाक्याच्या थंडीतही रोज खिडक्या सताड उघडून घरातली हवा बदलायची. पेला पेल्याला लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. इतकं शिकल्यावर माणूस आमच्या देशात बेधडक राहू शकतो, असा माझा समज होता.

शनिवारी ती रस्ता ओलांडून आली ती नुसत्या मोज्यांवर. नोव्हेंबरातला ओला रस्ता. हातात केक, केकवर क्रीमने काढलेला ऐंशीचा आकडा, आणि आकड्यातला आठ दाराला धडकून चपटा झालेला.

"हेर वीगांड, मी काय केलं?"

"काय केलंस?"

"शुभेच्छा दिल्या."

"कसल्या?"

"वाढदिवसाच्या. ऐंशीव्या."

मी कप खाली ठेवला. "अगं, वाढदिवस उद्या आहे."

"म्हणूनच तर! उद्या पहाटे वर्गाची सहल निघते, वायमारला. यायला रात्र होणार. म्हटलं, आजच देऊन टाकू. आमच्या घरी आजोबांना आदल्याच दिवशी फोन करतात. वाढदिवसाला ते घोड्यांमागे जातात, तिथे रेंज नसते."

मी तिला खुर्चीवर बसवलं. ओले मोजे काढायला लावले. मग सांगितलं, की इकडे आगाऊ शुभेच्छा देत नाहीत. आठवडाभर आधी नाही, आदल्या दिवशी नाही, आदल्या संध्याकाळीसुद्धा नाही.

"का?"

"दिल्या तर माणूस त्या दिवसापर्यंत पोचत नाही म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

"पण काल तर तुम्ही म्हणालात, की इथे कुणीही असल्या..."

"काल शुक्रवार होता," मी म्हणालो.

तिने मान खाली घातली. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आणखी एक आहे. मी भेट दिली. मेणबत्ती. लाल डब्यातली, सोनेरी झाकणाची. दुकानात सध्या ढीग लागलाय. बाकीच्या मेणबत्त्या तासाभरात संपतात, हिच्यावर लिहिलंय की तीन दिवस चालते. म्हटलं, ऐंशी वर्षांच्या बाईंना पुष्कळ दिवस जळणारं काहीतरी द्यावं."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "झाकणावर क्रूस होता?"

"हो. छान नक्षी होती." तिने कोटाच्या खिशातून झाकण काढून दाखवलं. "पेटवताना काढलं, ते माझ्याकडेच राहिलं."

"पेटवून दिलीस?"

"पेटवून. त्यांच्या हातात. गाणंही म्हटलं."

आता तिला कसं सांगायचं? उद्या मृतांचा रविवार. वर्षभरात गावातली जी माणसं गेली त्यांची नावं सकाळी चर्चमध्ये वाचून दाखवतात, आणि दुपारी अख्खं गाव दफनभूमीत जाऊन आपापल्या माणसाच्या कबरीवर दिवा ठेवून येतं. लाल डब्यातला. सोनेरी झाकणाचा. वाऱ्यापावसात तीन दिवस टिकणारा. दुकानात ढीग लागला होता तो त्याचा. सांगितलं तेव्हा सारनाई रडली नाही. तिचा चेहरा फक्त हळूहळू केकवरच्या क्रीमच्या रंगाचा झाला.

"त्या मेल्या तर मी मारल्यासारखं होईल ना?"

"काहीतरीच काय बोलतेस! कुणी मरत नाही," मी म्हणालो, आणि अशुभ टळावं म्हणून ठोकतात तसा माझा हात आपोआप टेबलाच्या लाकडावर तीनदा आपटला. मुलगी हुशार आहे. तिने ते पाहिलं.

आम्ही दोघं जिना चढून फ्राउ डिपेल यांच्या दाराशी उभे राहिलो.

"फ्राउ डिपेल, मी आहे. वीगांड."

"कळलं. बुटांचा आवाज ओळखते मी." दार साखळीएवढं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला आणि डोळ्यामागे लालसर उजेड. "ही थट्टा तुमचीच."

"माझी?"

"जन्मभर लोकांना हसलात. नगरपालिकेला हसलात, कुत्र्यांच्या प्रदर्शनाला हसलात, आमच्या चर्चच्या गायकांना हसलात. मीच काय ती उरले होते. त्यासाठी एक परदेशी पोर हाताशी धरलीत. लाज वाटत नाही?"

"शपथेवर सांगतो, मला यातलं काही ठाऊक नव्हतं."

"शपथ कुणाची? देव तर तुम्ही मानत नाही."

सारनाई पुढे झाली. "फ्राउ डिपेल, त्यांना काही ठाऊक नव्हतं. चूक माझी. मी शुभेच्छा परत घेते."

आमच्याकडे घरपोच मागवलेली वस्तू ठराविक मुदतीत, कारण न देता परत करता येते. त्यामुळे तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. फ्राउ डिपेल यांनीही त्यावर विचार केला असावा.

"उघडून झालेली वस्तू परत होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या.

"मग निदान तो दिवा विझवून टाका," मी म्हणालो.

"मी? वाढदिवसाच्या आदल्या दिवशी? आपल्या हाताने आपलाच दिवा विझवू?"

"मग जळू द्या."

"कबरीवरचा दिवा माझ्या जेवणाच्या टेबलावर जळू देऊ? माझ्या नावाने?"

"मग करणार तरी काय?"

"बघत बसणार. सुरीला हात लावायचा नाही, स्टुलावर चढायचं नाही, जिना उतरायचा नाही आणि दिवा विझू द्यायचा नाही. माझा वाढदिवस लागेपर्यंत."

"डॉक्टरांना फोन करू का? रक्तदाब तरी बघतील."

"आणि काय सांगू त्यांना? शुभेच्छांचा झटका आलाय म्हणून?"

मला हसू आलं. पण डोळा फटीतून हलला नाही, आणि त्या डोळ्यात हसण्यासारखं काही नव्हतं. बाई खरोखर भ्यायल्या होत्या. शेजारी म्हणून आम्ही म्हातारे झालो, एकमेकांच्या घराच्या किल्ल्या एकमेकांकडे आहेत, तरी अहोजाहो कधी सुटलं नाही. साखळी बारीक किणकिणत होती.

"माझ्या आईचं तुम्हाला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हिला सांगा."

ठाऊक होतं. आमच्या गल्लीत ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सांगितलं, सारनाईकडे बघत, हळू आवाजात. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या मधे सीमा होती ते दिवस. पलीकडून मावशी भेटीला आली होती. परवाना संपत आला, परतीची गाडी नेमकी आईच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीची. जाता जाता म्हणाली, "आत्ताच देऊन ठेवते गं शुभेच्छा, परत कधी येणं होतंय कुणास ठाऊक." आई उद्याच्या जेवणासाठी बटाटे सोलत होती. हसली, हात पुसले, बहिणीला मिठी मारली. सकाळी फ्राउ डिपेल कॉफी घेऊन आईला उठवायला गेल्या.

"बटाटे तसेच होते पाण्यात," फ्राउ डिपेल म्हणाल्या. "आता जा तुम्ही."

दार बंद झालं.

दुपारी त्यांनी पावभट्टीत फोन केला. मला हे कळलं, कारण लगेच भट्टीवाल्या बाईंचा मला फोन आला. "काय हो, त्या डिपेल बाईंचं काय चाललंय? एवढा क्रीमचा मोठा केक सांगितला होता, तो रद्द करून साधा चुरा घातलेला केक मागवलाय. वाढदिवसाला कुणी तसला नेतं का?"

मला घाम फुटला. चुऱ्याचा केक आमच्याकडे मर्तिकाला लागतो. म्हणजे तसा तो केव्हाही चालतो, वाढदिवसाला आणलात तरी कुणी नाव ठेवणार नाही. पण मर्तिकाला क्रीमचा केक मात्र चालत नाही. काटकसरी बाई. उद्या पाहुणे कशासाठी येतात ते नक्की होईपर्यंत त्यांनी दोन्हीकडे चालेल असा केक घेऊन ठेवला होता.

"बरं, बाईंना सांगा माझ्याकडून, वाढ..." भट्टीवाली म्हणाली.

"उद्या!" मी इतक्या जोरात ओरडलो, की पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला.

अंधार पडायच्या आत गल्लीतल्या खिडक्यांची शटरं एकेक करून खाली आली. त्यांची आली ती मी माझ्या खिडकीतून पाहिली. अगदी सावकाश, थांबत थांबत, आणि शेवटच्या फटीतून लाल उजेडाची एक रेघ बराच वेळ दिसत राहिली. मग तीही गेली. रात्र कशी काढली ते सांगत नाही. माणसाने आपल्या बुद्धिवादाची थोडी तरी इभ्रत राखावी.

आमच्या गल्लीत सकाळी शटर वर गेलं, की ते माणूस जिवंत आहे. कुणी हे ठरवलेलं नाही, कुणी बोलत नाही, पण दात घासता घासता प्रत्येकाची नजर समोरच्या खिडकीवरून फिरते. फ्राउ डिपेल यांचं शटर पावभट्टी उघडायच्या आधी वर जातं. पाऊस असो, बर्फ असो, नवऱ्याला, आर्नोला, पोचवून आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते वेळेवर वर गेलं होतं.

रविवारी ते गेलं नाही.

भट्टी उघडली. लोक पाव घेऊन गेले. शेजारपाजारची शटरं कडकड करत वर गेली. मी कपडे केले, कोट चढवला, काढला, पुन्हा चढवला. चर्चची पहिली घंटा झाली. शटर खालीच.

खाली उतरलो तर रस्त्यात सारनाई उभी. अंगात सहलीचा रेनकोट, पाठीला पिशवी, मान वर.

"वायमारला गेली नाहीस?"

"बस गेली. मला नाही चढता आलं." तिने वर बोट केलं. "हेर वीगांड, ते अजून खाली आहे."

"रात्री काही आवाज आला का? तू वरच झोपतेस ना?"

"पहाटेपर्यंत खुर्ची सरकल्याचा येत होता. मग नाही."

सहलीचा विषय होता जर्मन मनाची ओळख. ती तर बिचारीला फुकटात आणि घराच्या दारातच होत होती.

मी घंटीचं बटण दाबलं. वर घंटा वाजलेली आम्हाला खाली ऐकू आली. पुन्हा दाबलं. कुणी आलं नाही. किल्ली माझ्या खिशात होती. ती खिशात आहे हे मला घरातून निघतानाच ठाऊक होतं, आणि निघताना ती घेतली म्हणजे मनात काय होतं, हेही ठाऊक होतं. जिन्यात मेणाचा वास येत होता. दाराशी पोचलो तेव्हा सारनाईने माझ्या कोटाची बाही घट्ट धरली.

"तुम्ही आधी जा."

"तू औषधवाली आहेस."

"मी अजून पहिल्या वर्षाला आहे."

किल्ली फिरली. साखळी लावलेली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. माणूस साखळी काढून ठेवतो ती कुणीतरी येऊन आपल्याला शोधणार आहे म्हणून.

आत मिट्ट काळोख. भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. बैठकीच्या खोलीचं दार लोटलेलं आणि दाराखालून लाल उजेड. मी दार ढकललं. टेबलावर लाल दिवा जळत होता. टेबलाशी फ्राउ डिपेल बसल्या होत्या, काळा चांगला पोशाख घातलेला, केस नीट बसवलेले, गळ्यात मोत्यांची माळ, दोन्ही हात मांडीवर. डोळे मिटलेले. दिव्याचा उजेड चेहऱ्यावर हलत होता, चेहरा हलत नव्हता.

"फ्राउ डिपेल?" मी म्हणालो.

काही नाही.

मी लिहिलेल्या शेकडो मजकुरांतलं एकही वाक्य मला आठवेना. कानाशी सारनाई तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. भाषा कळत नव्हती, पण ती काय म्हणत असेल ते कळत होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. ज्योत आडवी झाली.

"दार लावा आधी!" फ्राउ डिपेल म्हणाल्या. "वारा येतोय."

सारनाई किंचाळली. मीही काहीतरी केलं असावं, कारण भिंतीवरचं चित्र वाकडं झालं. पण दार लावलं.

"हलू नका. बसा. शटर का नाही वर, विचारू नका. ती खिडकी नीट लागत नाही, फटीतून वारा येतो. दिव्याला झाकण नाही. रात्रभर हाताचा आडोसा करून बसलेय मी."

सारनाईने खिशातून झाकण काढलं. "हे घ्या, झाकण इथे..."

"आता लावायचं नाही! गुदमरून विझला म्हणजे?"

"पण फ्राउ डिपेल," मी जितकं मऊ बोलता येईल तितकं मऊ बोललो, "आता रविवार आहे. वाढदिवस लागला. तुम्ही जिवंत आहात. संपलं की."

त्यांनी माझ्याकडे, मी हद्दीची खूण चुकीच्या शेतात रोवल्यासारखं पाहिलं. "माझा जन्म दुपारच्या घंटेचा. आई सांगायची, रडायला लागले आणि घंटा वाजायला लागल्या, आधी कोण ते तिलाही कळलं नाही. घंटा होईपर्यंत वाढदिवस नाही. तोवर मी आगाऊच आहे."

ज्या बाईने उभ्या जिल्ह्याच्या जमिनी बोटभर चूक न होऊ देता मोजल्या, तिच्याशी हद्दीबद्दल कोण वाद घालणार? आम्ही बसलो. एका टेबलाभोवती तिघं, मधे कबरीचा दिवा, बाहेर लख्ख सकाळ आणि आत काळोख. बाहेरून चर्चची छोटी घंटा एकेक ठोका देत होती. आत नावं वाचत होते, एका नावाला एक ठोका.

"हे गेलेल्यांचं," फ्राउ डिपेल म्हणाल्या. "यंदाच्या यादीत मी नाही. चर्चचं वर्ष आज बंद होतं. आता गेले तर वर्षभर थांबावं लागेल नाव वाचायला." त्यांनी ठोका ऐकला. "पाद्रीबाबा चारला येणार आहेत. कुठल्या कामाला येतात ते बघायचं."

ही थट्टा होती. मी ती ओळखली, कारण माझाच तो धंदा. पण ती करताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं आणि बोटं बर्फासारखी होती. आतापर्यंत त्यांची भीती ही त्यांची भीती होती. त्या बोटांवाटे ती माझ्या अंगात चढली. मी दिव्याकडे पाहिलं. मेणाची तळी झाली होती, ज्योत त्या तळ्यात बारीक होत चालली होती. तीन दिवस कसले, दुकानदार काहीही लिहितात. मी घड्याळाकडे पाहायचं टाळत होतो आणि मला दुसरं काही दिसत नव्हतं.

"फ्राउ डिपेल, काही खाल्लंय का काल?" सारनाईने विचारलं.

"सुरीला हात लावायचा नव्हता ना. चमच्याने दही खाल्लं." मग, "तू सहलीला नाही गेलीस?"

"नाही."

"पैसे भरले होते ना? परत देतात का?"

"नाही देत."

"मूर्ख पोरगी," फ्राउ डिपेल म्हणाल्या, आणि दुसरा हात तिच्या हातावर ठेवला.

मग त्या माझ्याकडे वळल्या. काळोखात मोती लाल दिसत होते. "लोक काय म्हणतील ते म्हणोत. इतकी वर्षं शेजार झाला. जायच्या आधी एवढं उरकून टाकावं. मी मोठी, मीच म्हणायला हवं." त्यांनी गळा साफ केला. "मी एल्फ्रीडे."

आमच्याकडे हे, म्हणजे नावावर आणि अरेतुरेवर येणं, सहजासहजी होत नाही. माणसं लग्नाला येतात, मर्तिकाला खांदा देतात, तरी अहोजाहोतच मरतात.

"मी लोथार," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. लोथार, तू लिहायचास ना, ते मी सगळं वाचायचे. गायकांवरचं सोडून." माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं. "मला भीती वाटतेय रे."

"मलाही," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात कुठे छापू दिलं नव्हतं.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली.

त्या काळोखात ती इतकी कर्कश वाजली, की मी खुर्चीसकट उडालो. माझ्या लांब कोटाचा घेर पंख्यासारखा टेबलावरून फिरला. ज्योत आडवी झाली, निळी झाली, मेणात बुडाली. फ्राउ डिपेल यांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. नुसतं तोंड उघडलं आणि हात छातीशी गेला. मला एवढंच कळलं की मी तिला मारलं. एल्फ्रीडेला, माझ्या कोटाने, तिच्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर.

सारनाईने पिशवी, रेनकोट, सगळं झुगारून डब्याभोवती दोन्ही तळहात लावले. अगदी जवळ, चिकटूनच. तिचा श्वास बंद होता. तळहातांच्या मधे एक निळा ठिपका उरला होता, खसखशीच्या दाण्याएवढा. तो हलला. थांबला. पुन्हा हलला. तिची बोटं भाजत असणार, पण तिने ती काढली नाहीत. खाली भट्टीवालीचा माणूस चुऱ्याचा केक घेऊन पुन्हा घंटी दाबत होता आणि आमच्यातलं कुणीही डोळ्याची पापणी हलवत नव्हतं.

मग घंटा वाजल्या. छोटी नाही, मोठ्या. आधी वरच्या चर्चची, तिच्यामागून नदीकाठची, मग सगळ्या एकदम. गावावर नुसता घणघणाट. सारनाईच्या हातात ठिपका ताणला गेला, पिवळा झाला आणि हळूहळू पूर्ण ज्योत होऊन उभा राहिला.

फ्राउ डिपेल यांनी छातीवरचा हात काढला. त्यांनी तो तपासला, आधी तळवा, मग पाठ. घंटा शेवटच्या ठोक्यापर्यंत ऐकल्या.

"झाले की मी ऐंशीची," त्या म्हणाल्या.

सारनाई ढसाढसा रडायला लागली. मी उठून उभा राहिलो. माझ्याकडे शब्द होते, निवृत्तीनंतर पहिल्यांदाच. ऐंशी वर्षांबद्दल, शेजाराबद्दल, मंगोलियातल्या एका मुलीच्या भाजलेल्या तळहातांबद्दल, आपण सगळे कुणाच्या ना कुणाच्या हातांच्या आडोशानेच जळत असतो याबद्दल. मी कोट सारखा केला, यावेळी दिव्यापासून लांब उभं राहून, आणि म्हणालो, "प्रिय एल्फ्रीडे..."

त्या उठल्या होत्या. शटरचा पट्टा ओढत होत्या. खोलीत भसकन उजेड आला आणि त्या उजेडात त्यांनी टेबलाकडे वाकून डब्यात डोकावून पाहिलं.

"हेर वीगांड, तेवढा दिवा विझवता का? अर्धा उरलाय. झाकण लावून ठेवा, दुपारी आमच्या आर्नोच्या कबरीवर नेता येईल."